आख्यायिका आणि कारणपरंपरा : सीपी/एमपासून डॉसपर्यंत

१

वैयक्तिक संगणकाच्या इतिहासात एक आख्यायिका विशेष लोकप्रिय आहे. १९८० च्या ऑगस्टमध्ये आयबीएम या बलाढ्य कंपनीचे प्रतिनिधी कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्ह या समुद्रकाठच्या लहानशा गावी गॅरी किल्डॉल यांच्या भेटीस गेले. आपल्या नियोजित यंत्रासाठी त्यांना किल्डॉल यांची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, हवी होती. परंतु किल्डॉल त्या दिवशी स्वतःचे विमान घेऊन आकाशात विहरत होते. प्रतिनिधी रिक्तहस्ते परतले, बिल गेट्स यांच्याकडे गेले, आणि एका दिवसाच्या विमानविहारापायी संगणकयुगाचे साम्राज्य एका माणसाच्या हातून निसटले, असे ही आख्यायिका सांगते. तिच्या जोडीला एक प्रतिआख्यायिकाही आहे. तिच्या मते किल्डॉल यांच्या हातून काही निसटले नाही. जे होते ते त्यांच्यापासून चोरण्यात आले, आणि डॉस ही सीपी/एमची सरळ नक्कल होय.

या दोन्ही कथांत एक समान दोष आहे. पहिली किल्डॉल यांच्या गाफीलपणावर सर्व भार टाकते, दुसरी त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या लबाडीवर. दोहोंतही इतिहासाची सूत्रे व्यक्तीच्या गुणावगुणांच्या स्वाधीन होतात, आणि त्यामागे दहा वर्षे चाललेली तांत्रिक, व्यापारी व कायदेविषयक घडामोड दृष्टीआड होते. त्या घडामोडीकडे पाहिले असता निराळेच चित्र दिसते. किल्डॉल यांनी यंत्र आणि कार्यप्रणाली यांच्यामध्ये जी सीमारेषा आखली, ती त्यांच्या यशाचे मूळ होती. आणि त्यांच्या पराभवाचे मूळही तिच्यातच होते. हे कसे घडले, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

२

मोठ्या संगणकांच्या जगात कार्यप्रणालीची कल्पना नवी नव्हती. १९६४ साली जाहीर झालेल्या सिस्टिम/३६० या यंत्रमालिकेसाठी आयबीएमने ओएस/३६० ही विस्तीर्ण कार्यप्रणाली रचली होती. तथापि त्या जगात कार्यप्रणाली ही यंत्र बांधणाऱ्यानेच रचावयाची आणि यंत्राबरोबरच द्यावयाची वस्तू मानली जात असे. जून १९६९ मध्ये आयबीएमने यंत्र आणि प्रोग्राम यांची आकारणी वेगवेगळी करण्याचा निर्णय जाहीर केला, आणि प्रोग्राम ही स्वतंत्रपणे विकता येण्याजोगी वस्तू आहे या विचारास व्यापारी मान्यता मिळाली. परंतु त्या निर्णयातही मूळ कार्यप्रणाली यंत्राच्या आकारणीतच राहिली. यंत्र एकाचे आणि त्याची कार्यप्रणाली दुसऱ्याची, ही व्यवस्था अद्याप प्रघातात यावयाची होती.

वैयक्तिक संगणकाचा आरंभ याहून पुष्कळच दरिद्री अवस्थेत झाला. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेल्या अल्टेअर ८८०० या यंत्राची मूळ स्मृती अवघी २५६ बाइटांची होती. त्याला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. दर्शनी भागावरील खटके वरखाली करून त्यात आज्ञा भरावयाच्या आणि लहान दिव्यांच्या उघडझापीवरून उत्तर वाचावयाचे, अशी त्याची रीत होती. पुढे छिद्रित कागदी फीत आणि ध्वनिमुद्रणाची कॅसेट ही साठवणीची साधने जोडली गेली. परंतु फितीवरील मजकूर आरंभापासून क्रमाने वाचावा लागतो. अशा यंत्रास कार्यप्रणालीची गरज भासत नाही. एक प्रोग्राम स्मृतीत चढवावा, तो चालवावा आणि यंत्र बंद करावे, एवढाच त्याचा दिनक्रम असतो.

ही अवस्था पालटली ती फ्लॉपीमुळे. आयबीएमने १९७१ च्या सुमारास प्रचारात आणलेली आठ इंची फ्लॉपी प्रथम मोठ्या यंत्रांच्या सेवेसाठी होती. १९७३ च्या ३७४० या यंत्रणेत तिची मांडणी निश्चित झाली : ७७ वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गाचे २६ विभाग, आणि प्रत्येक विभागात १२८ बाइट, म्हणजे एकूण २,५६,२५६ बाइट. या चकतीवरील कोणताही विभाग क्रम मोडून थेट वाचता येतो. परंतु थेट वाचता येते म्हणूनच कोणता मजकूर कोठे आहे याची नोंद कोणीतरी ठेवावी लागते. कोणते विभाग मोकळे आहेत, कोणते भरलेले आहेत आणि कोणत्या नावाखाली काय साठविले आहे, हा हिशेब ठेवणारा कारकून म्हणजेच लहान संगणकाची आद्य कार्यप्रणाली होय. त्या काळातील कार्यप्रणालींच्या नावांत ‘डिस्क’ हा शब्द वारंवार आढळतो, त्याचे कारण हेच आहे.

३

गॅरी किल्डॉल (१९४२-१९९४) हे सिॲटलचे. वॉशिंग्टन विद्यापीठातून त्यांनी १९७२ साली संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. त्या काळात ते मॉन्टेरे येथे अमेरिकन नौदलाच्या पदव्युत्तर शिक्षणसंस्थेत अध्यापन करीत होते. इंटेल कंपनीने १९७१ च्या अखेरीस ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला तेव्हा गणकयंत्रे आणि तत्सम उपकरणे यांचा एक सुटा भाग, यापलीकडे त्याकडे पाहणारे थोडे होते. किल्डॉल त्या थोड्यांपैकी एक. ते इंटेलचे सल्लागार झाले आणि १९७३ साली त्यांनी मायक्रोप्रोसेसरसाठी पीएल/एम ही उच्चस्तरीय भाषा रचली.

या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामांचे संस्करण मायक्रोप्रोसेसरवरच करता यावे, त्यासाठी मोठ्या संगणकाचे वेळापत्रक सांभाळावे लागू नये, या व्यवहारी गरजेतून पुढील पाऊल पडले. शुगार्ट कंपनीकडून त्यांना चाचण्यांत झिजलेली एक फ्लॉपी-यंत्रणा मिळाली. मात्र ती मायक्रोप्रोसेसरशी जोडण्याचे विद्युत्‌कौशल्य त्यांच्यापाशी नव्हते. विद्यापीठातील जुने स्नेही जॉन टोरोड यांनी तो नियंत्रक बांधून दिला, आणि १९७४ साली पॅसिफिक ग्रोव्ह येथे किल्डॉल यांनी रचलेली कार्यप्रणाली प्रथम चालू झाली. तिचे नाव सीपी/एम. तिचा बहुतेक भाग पीएल/एम भाषेतच लिहिलेला होता.

ही कार्यप्रणाली शून्यातून उद्भवली नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पीडीपी-१० या यंत्राच्या कार्यप्रणालीचा किल्डॉल यांना परिचय होता, आणि तिच्या वळणाच्या कित्येक खुणा सीपी/एममध्ये उमटल्या आहेत. फाइलच्या नावास तीन अक्षरांचे उपनाम जोडण्याची रीत आणि फाइलींची नक्कल करणाऱ्या ‘पिप’ या प्रोग्रामचे नाव, ही त्यांची ठळक उदाहरणे होत. नव्या वस्तूच्या कर्त्यानेही आपल्या पूर्वसूरींपासून उसने घेतलेले असते. पुढील वादाचा विचार करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

इंटेलला या कार्यप्रणालीत स्वारस्य वाटले नाही. किल्डॉल आणि त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी मग स्वतःचीच कंपनी काढली. तिचे आरंभीचे नाव इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च असे भव्य होते. पुढे ते डिजिटल रिसर्च एवढेच उरले. सीपी/एमचे पहिले व्यापारी परवाने १९७५ साली दिले गेले. घेणाऱ्यांत ऑम्रॉन ही कंपनी आणि लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळा यांचा समावेश होता.

४

सीपी/एमच्या इतिहासातील खरी निर्णायक घटना १९७६ च्या सुमारास घडली. अल्टेअरच्या धर्तीवर यंत्रे बांधणारी इम्साय ही कंपनी आपल्या ग्राहकांस फ्लॉपी-यंत्रणा पुरवू लागली होती, परंतु तीबरोबर देऊ केलेली कार्यप्रणाली मात्र तयार नव्हती. ग्लेन युइंग यांच्यामार्फत कंपनीने किल्डॉल यांच्याकडे विचारणा केली. किल्डॉल यांनी तोवर निरनिराळ्या नियंत्रकांसाठी सीपी/एमची पुनर्रचना केलेली होती. प्रत्येक नव्या यंत्राच्या वेळी संपूर्ण संहितेत हात घालण्याच्या या कामास ते कंटाळले होते. तेव्हा त्यांनी यंत्रपरत्वे बदलणारा सर्व भाग एकत्र केला, उर्वरित संहितेपासून तो अलग काढला आणि त्यास ‘बायोस’ असे नाव दिले. इम्सायने सीपी/एमच्या परवान्यासाठी २५,००० डॉलर दिले.

या विभाजनानंतर सीपी/एमचे तीन थर झाले. सर्वांत वर आज्ञा वाचणारा थर. मध्ये फाइलींचा हिशेब ठेवणारा ‘बीडॉस’ हा थर. आणि सर्वांत खाली, प्रत्यक्ष पडदा, कळफलक व चकती यांच्याशी बोलणारा बायोस. वरचे दोन थर सर्व यंत्रांवर अक्षरशः तेच राहत. नव्या यंत्रासाठी केवळ खालचा थर नव्याने लिहावा लागे, आणि तो यंत्र बांधणाऱ्यासच लिहिता येत असे.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा होता. प्रोग्रामला फाइल उघडावयाची असेल तर त्याने ठराविक क्रमांकाची सेवा मागावयाची. मागणी नेहमी स्मृतीतील पाचव्या स्थानाकडे करावयाची. पुढे ती पुरी कशी होते याची विचारपूस प्रोग्रामने करावयाची नाही. अशा रीतीने लिहिलेला प्रोग्राम, चकतीची मांडणी जुळत असल्यास, इंटेल ८०८० किंवा त्याच्या कुळातील मायक्रोप्रोसेसर वापरणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर चालू शके. ग्राहक यापुढे यंत्रासाठी प्रोग्राम शोधीत नसे. सीपी/एमसाठी प्रोग्राम शोधू लागला. १९७८ साली आलेले वर्डस्टार हे लेखनाचे साधन आणि त्यानंतरचे डीबेस-२ हे माहितीसंग्रहाचे साधन याच भूमीवर वाढले. ॲपल-२ हा संगणक निराळ्या कुळातील मायक्रोप्रोसेसरवर चालत असे. परंतु १९८० साली मायक्रोसॉफ्टने त्यात झेड-८० मायक्रोप्रोसेसर बसविणारे एक जोडपत्र विकावयास काढले, ते त्यावर सीपी/एम चालावी एवढ्यासाठीच. यंत्र बदलून कार्यप्रणाली राखावी, इतकी या सीमारेषेची प्रतिष्ठा वाढली होती.

परंतु या रचनेत एक गर्भित परिणाम दडलेला होता. प्रोग्राम केवळ सेवांचे क्रमांक आणि त्या मागण्याची रीत ओळखत असेल, तर त्या सेवा नेमके कोण पुरविते याविषयी तो उदासीन असतो. खालचा थर बदलला तरी प्रोग्रामला पत्ता लागत नाही, हे सीपी/एमचे वैशिष्ट्य होते. मधला थर बदलला तरीही त्यास पत्ता लागणार नाही, हे त्याच तर्काचे पुढचे पाऊल होते. ते पाऊल दुसऱ्या कोणी टाकावयाचे बाकी होते.

५

१९७८ साली इंटेलने ८०८६ हा सोळा बिटांचा मायक्रोप्रोसेसर आणला. सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीतील टिम पॅटर्सन यांनी त्यासाठी एक संगणक-फलक रचला, आणि १९७९ च्या अखेरीपासून त्याची विक्री सुरू झाली. त्यावर चालणारी बेसिक भाषा मायक्रोसॉफ्टकडून उपलब्ध होती; कार्यप्रणाली मात्र नव्हती. सीपी/एमची सोळा बिटांची आवृत्ती डिजिटल रिसर्चकडून येईल अशी अपेक्षा होती, पण ती येईना. कार्यप्रणालीवाचून फलकाचा खप होईना. अखेर एप्रिल १९८० मध्ये पॅटर्सन यांनी स्वतःच कामास आरंभ केला आणि ऑगस्टमध्ये ‘क्यूडॉस’ या नावाने आपली कार्यप्रणाली विक्रीस ठेवली. ‘घाईघाईने उरकलेली’ असा अर्थ ध्वनित करणारे हे नाव लवकरच मागे पडले आणि ८६-डॉस हे नाव रूढ झाले.

पॅटर्सन यांचा हेतू स्पष्ट होता. ८०८० साठी लिहिलेल्या प्रोग्रामांचे ८०८६ च्या संहितेत यांत्रिक रूपांतर करण्याचे नियम इंटेलने प्रसिद्ध केले होते. असे रूपांतरित प्रोग्राम नव्या यंत्रावर चालावयाचे, तर त्यांना सवयीच्या सर्व सेवा सवयीच्याच रीतीने मिळावयास हव्या होत्या. यास्तव ८६-डॉसने सीपी/एमच्या सेवा, त्यांचे क्रमांक आणि त्या मागण्याची पद्धती यांचा स्वीकार केला.

संहितांच्या नातेसंबंधांचा निर्णय करताना पाठचिकित्सक ज्या प्रकारचा पुरावा शोधतो, तो येथे विपुल आहे. पडद्यावर अक्षरमालिका उमटविण्याची सेवा सीपी/एममध्ये नवव्या क्रमांकाची आहे. डॉसमध्येही ती नवव्याच क्रमांकाची आहे. अक्षरमालिका कोठे संपते हे दर्शविण्यासाठी सीपी/एममध्ये डॉलरचे चिन्ह वापरतात. या चिन्हाची निवड सर्वस्वी यादृच्छिक असून दुसरे कोणतेही चिन्ह चालले असते. तरीही डॉसमध्ये तेच चिन्ह आढळते. फाइल उघडण्याची सेवा दोहोंत पंधरावी आहे. आठ अक्षरांचे नाव व तीन अक्षरांचे उपनाम हा नियमही दोहोंत एकच. गरजेतून आलेले साम्य योगायोगाने संभवते. यादृच्छिक तपशिलातील साम्य सहसा वंशसंबंधच दाखविते.

परंतु हा वंशसंबंध सीमारेषेपुरता आहे. तिच्या आत शिरले की भेद दिसू लागतो. फाइलचे तुकडे चकतीवर कोठे विखुरलेले आहेत याची नोंद सीपी/एम प्रत्येक फाइलच्या सूचीतच करीत असे, आणि फाइलची लांबी १२८ बाइटांच्या पटीतच मोजीत असे. मजकूर नेमका कोठे संपतो हे कळावे म्हणून लेखाच्या अखेरीस एक विशेष खूण घालावी लागे. पॅटर्सन यांनी ही योजना टाकून दिली. मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमध्ये मार्क मॅक्डोनाल्ड यांनी योजिलेली, सर्व विभागांचा हिशेब एकाच तक्त्यात ठेवणारी ‘फॅट’ ही पद्धती त्यांनी आपलीशी केली आणि फाइलची लांबी बाइटागणिक नोंदविण्याची सोय केली. २०१२ साली बॉब झाइडमन यांनी संगणकीय साधनांनी दोन्ही संहितांची तुलना प्रसिद्ध केली. सेवांच्या पातळीवरील साम्य त्यांना आढळले. संहितेतील ओळी उचलल्याचा पुरावा आढळला नाही. २०१४ साली संगणक-इतिहासाला वाहिलेल्या कॅलिफोर्नियातील संग्रहालयाने एमएस-डॉस आणि सीपी/एम या दोहोंच्या आरंभीच्या मूळ संहिता अभ्यासकांस खुल्या केल्या. त्यामुळे हा प्रश्न आता केवळ ऐकीव गोष्टींवर सोडण्याचे कारण उरलेले नाही.

६

आता त्या सुप्रसिद्ध दिवसाकडे वळावयास हरकत नाही. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे आयबीएमचा एक लहान गट वर्षभरात वैयक्तिक संगणक बाजारात आणण्याच्या उद्योगास लागला होता. मुदत इतकी अल्प होती की, कंपनीची नित्याची रीत सोडून यंत्राचे बहुतेक भाग आणि प्रोग्राम बाहेरून घेण्याचे त्यांनी ठरविले. बेसिक भाषेसाठी ते मायक्रोसॉफ्टकडे गेले. सीपी/एम चालविणारे जोडपत्र मायक्रोसॉफ्ट विकते, तेव्हा सीपी/एमही तिच्याकडेच मिळेल असा त्यांचा समज झाला होता. गेट्स यांनी त्यांना किल्डॉल यांच्याकडे धाडले.

पॅसिफिक ग्रोव्ह येथे काय घडले याविषयी उभय पक्षांच्या आठवणी परस्परांशी जुळत नाहीत. किल्डॉल त्या दिवशी विमानाने बाहेर गेले होते ही गोष्ट खरी. परंतु ते एका ग्राहकाकडे व्यवसायाच्याच कामासाठी गेले होते, आणि आपण दुपारी परतून चर्चेत भाग घेतला असे त्यांचे सांगणे होते. कंपनीचे व्यवहार पाहणाऱ्या डोरोथी किल्डॉल यांच्यापुढे प्रतिनिधींनी गुप्ततेचा एक अत्यंत एकतर्फी करार ठेवला, आणि वकिलाच्या सल्ल्यानुसार त्यांनी त्यावर स्वाक्षरी करण्यास अनमान केला, याविषयी मात्र फारसा मतभेद नाही. पुढील बोलणी एकरकमी मोबदला की प्रत्येक प्रतीमागे स्वामित्वधन, या प्रश्नावर अडली. यंत्रागणिक परवाना देऊन ज्या कंपनीचा व्यवसाय उभा राहिला होता, तिला एकरकमी व्यवहार मान्य होणे सोपे नव्हते. शिवाय आयबीएमला हवी असलेली सोळा बिटांची आवृत्ती अद्याप सिद्ध नव्हती. किल्डॉल दिवसभर कचेरीत बसून राहिले असते तरी यांतील एकही अडचण आपोआप दूर झाली नसती.

मायक्रोसॉफ्टला ८६-डॉसची माहिती होती. नोव्हेंबर १९८० मध्ये तिने आयबीएमशी करार केला. डिसेंबरमध्ये सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्सकडून २५,००० डॉलरना परवाना घेतला, आणि जुलै १९८१ मध्ये आणखी ५०,००० डॉलर देऊन ८६-डॉसची मालकी मिळविली. तत्पूर्वीच, मे महिन्यात, पॅटर्सन मायक्रोसॉफ्टच्या सेवेत दाखल झाले होते. अंतिम ग्राहक आयबीएम आहे, हे विकणाऱ्या कंपनीस सांगितलेले नव्हते. पुढे या व्यवहारातून उद्भवलेला वाद न्यायालयात गेला आणि १९८६ साली तडजोडीने मिटला. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा वैयक्तिक संगणक जाहीर झाला.

या साऱ्यात सर्वांत महत्त्वाची बाब एका कलमाची आहे. कार्यप्रणाली इतर यंत्रनिर्मात्यांस विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे राखला. आयबीएमने त्यास हरकत घेतली नाही. कारण मौल्यवान वस्तू यंत्र होय, कार्यप्रणाली ही त्याची उपांगभूत सोय, हा मोठ्या संगणकांच्या जगातील विचार तिच्या अंगवळणी पडला होता. उलट, कार्यप्रणाली अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर विकता येते आणि यंत्रापेक्षा अधिक काळ टिकते, हा धडा किल्डॉल यांच्याच यशाने लहान संगणकांच्या जगास शिकविला होता. सीपी/एमचे जोडपत्र विकणाऱ्या मायक्रोसॉफ्टने तो धडा जवळून पाहिलेला होता.

आयबीएमची कार्यप्रणाली हाती आल्यावर किल्डॉल यांना तीतील साम्य ध्यानात आले आणि त्यांनी दाव्याचा विचार केला. परंतु सेवा मागण्याच्या पद्धतीवर कोणाचे स्वामित्व असू शकते काय, हा प्रश्न त्या काळी कायद्याने सोडविलेला नव्हता. संगणकाच्या प्रोग्रामाची व्याख्या अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कायद्यात समाविष्ट झाली ती डिसेंबर १९८० मध्ये, म्हणजे ८६-डॉस विक्रीस आल्यानंतर. चाळीस वर्षांनी, २०२१ साली, गूगल व ओरॅकल यांच्यातील खटल्यात तत्सम प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तेव्हाही अशा भागावर स्वामित्व असते किंवा नाही हा मूलभूत मुद्दा न्यायालयाने अनिर्णितच ठेवला आणि केलेला वापर न्याय्य ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ज्या मुद्द्यावर निर्णय देण्याचे टाळले, त्यावर १९८१ मध्ये एका लहान कंपनीने आयबीएमविरुद्ध दावा जिंकण्याची अपेक्षा धरणे धाडसाचेच झाले असते. प्रकरण तडजोडीने मिटले. आयबीएमने सीपी/एम-८६ हीही आपल्या यंत्रासाठी विक्रीस ठेवण्याचे मान्य केले.

ती १९८२ च्या वसंतात दुकानांत आली तेव्हा डॉसची किंमत ४० डॉलर आणि तिची २४० डॉलर होती. एव्हाना प्रोग्राम लिहिणाऱ्यांची पावले डॉसकडे वळली होती. सहापट किंमत देऊन तेच काम करणारी वस्तू घेण्याचे प्रयोजन सामान्य ग्राहकास दिसले नाही.

७

डॉसचा विजय म्हणजे सीपी/एमच्या तत्त्वाचा सरळ विजय, असे मात्र म्हणता येत नाही. आरंभी मायक्रोसॉफ्टने डॉसचा प्रसार सीपी/एमच्याच पद्धतीने केला. निरनिराळ्या कंपन्यांनी आपापल्या यंत्रांसाठी खालचा थर लिहावा आणि डॉस चालवावी, अशी ती योजना होती. परंतु जानेवारी १९८३ मध्ये विक्रीस आलेल्या लोटस १-२-३ सारख्या प्रोग्रामांनी वेगासाठी कार्यप्रणालीस वळसा घालून आयबीएमच्या यंत्रातील पडद्याच्या स्मृतीत थेट लेखन केले. असे प्रोग्राम डॉस असूनही निराळी रचना असलेल्या यंत्रांवर चालेनात, आणि ती यंत्रे मागे पडली. किल्डॉल यांनी आखलेली सीमारेषा प्रोग्रामलेखकांनी ओलांडली, आणि मानदंड म्हणून कार्यप्रणालीच्या जोडीस प्रत्यक्ष यंत्रही येऊन बसले.

तेव्हा प्रतिस्पर्ध्यांनी यंत्राचीच प्रतिकृती केली. आयबीएमचे बहुतेक भाग बाजारात उपलब्ध होते. स्वामित्वाचा अडसर होता तो यंत्रात कायमचा कोरलेल्या बायोसचा. नोव्हेंबर १९८२ मध्ये कॉम्पॅकने आपला संगणक जाहीर केला. मूळ संहिता न पाहता, केवळ तिच्या वर्तनाच्या वर्णनावरून नवा बायोस लिहवून घेण्याचा मार्ग तिने अवलंबिला होता. १९८४ साली फीनिक्स कंपनी असा बायोस इतरांस विकू लागली. सीमारेषा कायम ठेवून आतील संहिता नव्याने लिहिण्याची जी युक्ती पॅटर्सन यांनी सीपी/एमच्या बाबतीत योजिली होती, तीच आता आयबीएमवर उलटली. यंत्रावरील आयबीएमचे वर्चस्व ओसरले. प्रत्येक प्रतिकृतीबरोबर डॉस मात्र खपत राहिली. करारातील ते एक कलम आता फळास आले.

या एकरूपतेचे परिणाम दूरवर पोहोचले. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने आयआयटी कानपूर येथील संशोधनावर आधारलेले ‘जिस्ट’ जोडपत्र प्रचारात आणले. आयबीएमच्या धर्तीच्या संगणकात ते बसविले की डॉसवरील अक्षरप्रधान प्रोग्रामांतून देवनागरी व इतर भारतीय लिपींत काम करता येई. प्रत्येक कंपनीचे यंत्र निराळे असते, तर असा एकच उपाय सर्वत्र लागू पडला नसता. भारतीय कचेऱ्यांत देवनागरी संगणकावर आली ती कॅलिफोर्नियातील या जुन्या मानदंडाच्या आधाराने.

८

डिजिटल रिसर्चने १९८८ साली स्वतःच डॉसशी सुसंगत असलेली डीआर-डॉस काढली. ज्याची रीत इतरांनी उचलली होती, त्याच्यावर इतरांशी सुसंगत होण्याची पाळी आली. १९९१ साली ही कंपनी नॉव्हेलने विकत घेतली. किल्डॉल ११ जुलै १९९४ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी निवर्तले. २०१४ साली पॅसिफिक ग्रोव्ह येथील कंपनीच्या जुन्या वास्तूवर विद्युत् व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे आयईईईने, एक स्मृतिफलक बसविला.

सारांश, विमानविहाराची आख्यायिका आणि चोरीची प्रतिआख्यायिका या दोन्ही पुराव्यापुढे टिकत नाहीत. पराभवाची कारणे सोळा बिटांच्या आवृत्तीस झालेला विलंब, मोबदल्याविषयीचा मतभेद, सहापट किंमत आणि दुसऱ्याच्या करारातील एक कलम यांत विभागलेली आहेत. आणि या सर्वांच्या तळाशी एक रचनात्मक कारण आहे : कार्यप्रणालीचे मूल्य तिच्या संहितेत जितके होते, त्याहून अधिक ते तिने घालून दिलेल्या रीतीत होते, आणि संहितेची मालकी सांगता आली तरी रीतीची मालकी सांगता आली नाही. किल्डॉल यांना न्याय द्यावयाचा, तर त्यांना दुर्दैवी किंवा फसविला गेलेला माणूस म्हणून दाखविण्यापेक्षा ती रीत घालून देणारा कर्ता म्हणून त्यांची नोंद घेणे अधिक उचित होईल. आजही विंडोजवर चालणाऱ्या संगणकात साठवणीच्या पहिल्या जागेस ‘सी’ हे अक्षर दिलेले असते. ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे ज्या फ्लॉपींसाठी राखून ठेवलेली होती त्या नाहीशा झाल्या. सीपी/एमपासून चालत आलेली अक्षरांची ती रीत मात्र कायम आहे.